कैदी पळतो, तेव्हा आपण कोणाच्या बाजूने असतो?

गावात चोर शिरल्याची आवई उठली की माणसं काठ्या घेऊन बाहेर पडतात. कोठडीतून एखादा आरोपी निसटल्याची बातमी आली की दाराला दोनदा कडी लावून बघतात. तीच माणसं पडद्यावर एखादा कैदी रात्रीच्या अंधारात भिंतीला चिकटून सरकताना पाहतात तेव्हा मनात म्हणत असतात, पहारेकऱ्या, तिकडे बघ, इकडे वळू नकोस. तो भिंतीपलीकडे पडला की नकळत सुटकेचा श्वास आपणच सोडतो. असं का होतं?

हा प्रश्न मला असोद्यात, जळगावात, धुळ्यात अनेकांनी विचारला आहे. त्याच्या पाठोपाठ बहुधा दुसराही येतो. समीक्षक लिहितात की अमुक चित्रपटातला पाऊस म्हणजे मुक्ती, तमुक भिंतीवरचं पोस्टर म्हणजे आशा. हे दिग्दर्शकाने खरंच तिथे ठेवलेलं असतं, की समीक्षक घरी बसून रचतात? दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. आधी दुसरा सोडवू, म्हणजे पहिल्याकडे नीट जाता येईल.

१. वस्तू आधी, अर्थ नंतर

प्रतीक समजून घ्यायला असोद्याच्या माणसाला दूर जावं लागत नाही. २४ ऑगस्ट १८८० रोजी या गावात महाजनांच्या घरी एक मुलगी जन्मली. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती जळगावच्या चौधरींकडे गेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे तिच्या तोंडून निघालेल्या ओव्या घरच्यांनी कागदावर उतरवल्या. तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचं पुस्तक निघालं आणि बहिणाबाई चौधरी हे नाव महाराष्ट्रभर झालं.

बहिणाबाईंच्या कवितेत तवा आहे, जातं आहे, विहिरीवरची मोट आहे, सुगरणीचा खोपा आहे. या वस्तू मोठ्या अर्थापर्यंत जातात हे शाळेतल्या मुलालाही कळतं. मात्र तिथे पोचण्याआधी त्या वस्तू म्हणून शंभर टक्के खऱ्या असतात. तव्यावर हात खरोखर भाजतो. खोपा खरोखर झाडाला टांगलेला असतो आणि वाऱ्याने हलतो. चुलीपुढे कधी न बसलेल्या माणसाने तोच तवा कवितेत आणला असता तर तो नुसता शब्द राहिला असता.

चित्रपटातल्या प्रतीकाचा पहिला नियम हाच. वस्तूने गोष्टीत आधी स्वतःचं काम केलं पाहिजे. अर्थ त्या कामातून निघतो.

‘द शॉशँक रिडेम्प्शन’ हा १९९४ सालचा अमेरिकन चित्रपट घेऊ. तुरुंगातून पळण्याच्या चित्रपटांत आपल्याकडच्या तरुणांनी सर्वांत जास्त पाहिलेला बहुधा हाच असेल. स्टीफन किंगच्या दीर्घकथेवरून फ्रँक डॅराबॉन्टने तो केला. अँडी डुफ्रेन नावाचा बँकेतला अधिकारी बायको आणि तिच्या प्रियकराच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगतो आहे. खून त्याने केलेला नाही. त्याच्याकडे दगड घडवायची एक छोटी हातोडी आहे. छंद म्हणून बुद्धिबळाचे मोहरे कोरतो, असं सगळ्यांना वाटतं. तुरुंगाचा अधिकारी मोठा धार्मिक. प्रत्येक कैद्याने बायबल वाचलंच पाहिजे असा त्याचा आग्रह. झडतीच्या वेळी तो अँडीचं बायबल हातात घेतो, दोन गोष्टी बोलतो आणि न उघडता परत देतो. शेवटी कळतं की बायबलची पानं आतून कापून त्या पोकळीत हातोडी लपवलेली होती. पानं कापायला सुरुवात होते ती इजिप्तच्या गुलामीतून एक अख्खा समाज बाहेर पडल्याची कथा ज्या भागात येते, तिथून.

आता क्रमाने पाहू. हे पुस्तक गोष्टीत काय काम करतं? हातोडी लपवतं. ते नसतं तर पहिल्याच झडतीत सगळं संपलं असतं. म्हणजे वस्तू खरी आहे, कामाची आहे. त्या कामातून मग अर्थ फुटतो. जो माणूस दिवसरात्र धर्माचं नाव घेतो त्याने ते पुस्तक उघडलंच नाही. ज्याला तो पापी समजतो त्याची सुटका मात्र त्याच पुस्तकात दडली होती. बायबल नुसतंच टेबलावर दाखवून मागे संगीत वाजवलं असतं, तर हा अर्थ आपल्यापर्यंत आला नसता.

२. दोराची खाच

जुन्या विहिरीच्या काठावरच्या दगडाला खाच पडलेली असते. कोणत्या दिवशीच्या दोराने ती पाडली, हे सांगता येणार नाही. दोर रोज त्याच जागेवरून गेला म्हणून दगड झिजला. चित्रपटात एखादी वस्तू अशीच परत परत येते, आणि दर खेपेला परिस्थिती थोडी बदललेली असते. प्रेक्षकाच्या मनावर खाच पडते ती त्यामुळे. एकदाच दिसलेल्या वस्तूला प्रतीक म्हणायची घाई करू नये.

शॉशँकमध्येच अँडीच्या कोठडीच्या भिंतीवर एक पोस्टर आहे. आधी रिटा हेवर्थ, मग मेरिलिन मन्‍रो, मग रॅकेल वेल्च. १९४७ साली आत आलेला माणूस १९६६ साली बाहेर पडतो. मधली एकोणीस वर्षं दिग्दर्शक पंचांग दाखवून मोजत नाही, नट्या बदलून मोजतो. पोस्टर एकाच वेळी तीन कामं करतं. भोक झाकतं, काळ सांगतं, आणि बाहेरचं जग अजून चालू आहे याची आठवण देत राहतं. पहिली दोन कामं चोख झाली म्हणून तिसरं आपण मानतो.

तेव्हा वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर असं. वस्तू गोष्टीत काम करते आहे, ती पुन्हा येते आहे आणि येताना काहीतरी बदललं आहे, एवढं दिसलं तर अर्थ शोधावा, तो दिग्दर्शकाने पेरलेला असण्याचा संभव मोठा. यातलं काहीच दिसत नसेल तर पाऊस हा पाऊसच समजावा.

३. आपण त्याच्या बाजूने का होतो?

एक कारण अगदी यांत्रिक आहे. कॅमेरा ज्याच्यासोबत राहतो त्याचे आपण होतो. कैद्यासोबत दोन तास काढायचे आणि त्याने ज्याचं वाईट केलं त्याच्यासोबत दोन मिनिटंही नाहीत, तर पारडं कुठे झुकणार हे ठरलेलंच आहे. ही चित्रपटाची ताकद आहे आणि तिच्यात धोकाही आहे. मेलेल्या माणसाची आई पडद्यावर कधी येत नाही, हे लक्षात ठेवून असे चित्रपट पाहावेत असं मला मनापासून वाटतं.

दुसरं कारण कष्टाचं. फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ याने १९५६ साली ‘अ मॅन एस्केप्ड’ नावाचा चित्रपट केला. आंद्रे देव्हिन्यी नावाचा फ्रेंच सैनिक १९४३ साली लिऑन शहरातल्या जर्मनांच्या ताब्यातल्या माँलुक तुरुंगातून निसटला होता, त्याची ही हकीकत. माणूस सुटणार हे नावातच सांगून टाकलं आहे. मग पाहायचं काय? चमचा. तो चमचा जमिनीवर घासतो, त्याची पटाशी करतो, लाकडी दाराच्या फळ्यांमधले सांधे दिवसेंदिवस खरवडतो, खाली पडलेला भुसा गोळा करतो. गादीच्या तारा आणि कापड पिळून दोर वळतो. ब्रेसाँ हे सगळं इतक्या जवळून आणि शांतपणे दाखवतो की शेतकरी, सुतार, विणकर अशा कुणालाही ते हात ओळखीचे वाटतील. असं मन लावून काम करणाऱ्या माणसाच्या विरोधात जाणं आपल्याला जमत नाही.

तिसरं कारण आपल्या इतिहासात आहे. मराठी मुलाला पळून जाण्याची पहिली गोष्ट कळते ती आग्र्याची. १७ ऑगस्ट १६६६. महाराज पेटाऱ्यातून गेले की वेष पालटून, यावर इतिहासकारांत वाद आहेत, पण घरोघरी पेटारेच लक्षात राहिले. पुढे ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात सावरकरांनी बोटीतून मारलेली उडी आली. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून भिंतीवरून खाली उतरले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव गोळ्या लागून गेले, दादा जखमी होऊन पुन्हा पकडले गेले. अशा घराघरांत सांगितलेल्या गोष्टींमुळे पळणारा म्हणजे आपला आणि पकडणारा म्हणजे परका, हे समीकरण आपल्या मनात पक्कं बसलं आहे.

पण या सगळ्या गोष्टींत एक सोय आहे. ज्याने कोंडलं त्याचा कोंडण्याचा हक्कच आपल्याला मान्य नाही. शॉशँकमधला अँडी निर्दोष आहे, ब्रेसाँचा नायक परकीय सत्तेशी लढतो आहे, वसंतदादा स्वातंत्र्यसैनिक आहेत. ज्याने खरोखर खून केला आहे, त्याच्या स्वातंत्र्याचं काय? या अवघड प्रश्नाला हात घालणारा चित्रपट आपल्याकडे झाला. त्याच्याकडे जाण्याआधी स्वातंत्र्याविषयी एक भेद समजून घ्यावा लागेल.

४. सुटल्यावर काय?

आयझाया बर्लिन या विचारवंताने १९५८ साली ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानात स्वातंत्र्याच्या दोन कल्पना वेगळ्या केल्या. पहिलीत प्रश्न असतो की मला कोण अडवतं आहे? भिंत, साखळी, पहारेकरी. अडथळा निघाला की मी मोकळा. दुसरीत प्रश्न असतो की माझ्या आयुष्याचा धनी कोण? मी स्वतः, की माझी सवय, माझं भय, माझा राग? तुरुंगातून मोकळा सोडलेला माणूस उद्या कुठे जायचं हे स्वतः ठरवू शकतो का, हा दुसऱ्या प्रकारातला प्रश्न.

बर्लिनला दुसऱ्या कल्पनेची धास्तीही वाटत होती. ‘तुझ्या खऱ्या हिताचं मला जास्त कळतं’ असं म्हणत कुणीही दुसऱ्यावर सत्ता गाजवू शकतो, हे त्याने युरोपात पाहिलं होतं. ही धास्ती मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

शॉशँकमध्ये ब्रूक्स नावाचा म्हातारा आहे. पन्नास वर्षं आत काढलेला, तुरुंगाचं ग्रंथालय सांभाळणारा, कावळ्याचं पिल्लू पाळणारा. त्याला पॅरोल मिळतो. राहायला खोली मिळते, किराणा दुकानात पिशव्या भरायचं काम मिळतं. पहिल्या अर्थाने तो पूर्ण मोकळा आहे, कुणीच अडवत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांची त्याला भीती वाटते. ओळखीचं एक माणूस नाही. थोड्या दिवसांत तो खोलीच्या तुळईवर आपलं नाव कोरतो आणि गळफास घेतो. पुढे त्याचा जुना सोबती रेड सुटून त्याच खोलीत येतो, त्याच दुकानात कामाला लागतो आणि लघवीला जायची परवानगी मालकाकडे मागतो. चाळीस वर्षं परवानगीवाचून ज्याला मोकळं होता आलं नाही, त्याच्या शरीराने तुरुंग बरोबर आणलेला असतो. रेड वाचतो, कारण मेक्सिकोच्या समुद्रकाठी एक मित्र त्याची वाट पाहतो आहे.

सगळा चित्रपट मला या दोन म्हाताऱ्यांच्या फरकात दिसतो. नळातून सरपटत जाणारा अँडी आणि पावसात वर केलेले हात लोकांच्या भिंतींवर लागले, ते साहजिक आहे, दृश्य भव्य आहे. पण तुरुंगाबाहेर माणूस जगेल की मरेल हे ठरतं बाहेर त्याचं कुणी आहे की नाही, यावर.

५. भिंत नसलेला तुरुंग

आता आपल्या मुलखात येऊ. आजच्या सांगली जिल्ह्यातला आटपाडी भाग तेव्हा औंध संस्थानात होता. कमी पावसाचा, माळरानाचा मुलूख. राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते आणि चित्रकलेचे जाणकार. १९३९ च्या सुरुवातीला त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानची राज्यघटना करून सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. याच काळात औंधला मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर राहत होता. वॉर्साचा हा माणूस बंगळूरच्या कारखान्यात नोकरीला आला आणि इथलाच झाला. भारतानंद हे नाव घेतलं, खादी घातली, सुताच्या यंत्रांवर प्रयोग केले. पुढे मुंबईच्या खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत आणून जगभर पोचवली तीही यानेच.

फ्रीडमनने राजांकडे कैदी मागितले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी एका मोकळ्या माळावर आणून वसवायचे. भिंत नाही, साखळी नाही. जमीन कसायची, घर बांधायचं, बायकापोरांना बोलावून घ्यायचं. राजांनी होकार दिला. १९३९ साली आटपाडीजवळ ही वसाहत उभी राहिली. तिचं नाव ठेवलं स्वतंत्रपूर.

सांगलीच्या तुरुंगाची भिंत वसंतदादांनी ओलांडली ती त्यानंतर चार वर्षांनी. आज हे दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत. एकीकडे तरुण जीव धोक्यात घालून भिंतीवरून उड्या टाकत होते. दुसरीकडे शिक्षा झालेले खुनी बिनभिंतीच्या माळावर नांगर धरत होते आणि पळत नव्हते. हे शेजार मला मराठी इतिहासातलं फार मोलाचं वाटतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत पहिलं येतं, दुसरं येत नाही, याची खंत वाटते.

स्वतंत्रपूरची गोष्ट पडद्यावर आणली ती त्याच मातीतल्या माणसाने. ग. दि. माडगूळकरांचं माडगूळ आटपाडी तालुक्यातलंच. त्यांनी लिहिलेल्या कथेवर व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा हिंदी चित्रपट केला. साल १९५७. संगीत वसंत देसाई यांचं. त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. शाळांच्या प्रार्थनेत पोचलेलं त्यातलं गाणं खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जणांना पाठ असतं, चित्रपट मात्र पाहिलेला नसतो.

गोष्ट थोडक्यात अशी. आदिनाथ हा तरुण जेलर. ही भूमिका शांतारामांनी स्वतः केली. तो सहा खुनी निवडतो आणि सगळी जबाबदारी अंगावर घेऊन त्यांना एका ओसाड जमिनीवर नेतो. तिचं नाव आझाद नगर. दोन डोळे त्याचे, बारा हात त्या सहा जणांचे. ते दगड वेचतात, माती फोडतात, पाणी आणतात आणि शेवटी भाजी पिकवतात. बाजारात ती रास्त भावाने विकतात. त्यामुळे तिथल्या बड्या व्यापाऱ्याचं बस्तान हलतं. तो त्यांना नादाला लावू पाहतो, मारतो, आणि अखेर उभ्या पिकात जनावरं घुसवतो. पीक वाचवताना आदिनाथ बैलाच्या शिंगांनी मरतो. या झुंजीचं चित्रण चालू असताना शांतारामांच्या स्वतःच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती आणि त्यांच्या डोळ्यांवर बराच काळ पट्टी होती. डोळ्यांवरच्या चित्रपटाने डोळेच मागितले होते, आणि त्यांनी तरीही पुढे ‘नवरंग’ केला, याचा आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

आता याच चित्रपटाला आपला पहिला नियम लावू. आझाद नगरला भाजी येते. वस्तू म्हणून तिचं काम काय? ती विकायची असते, त्यावर पोट भरायचं असतं. कापूस किंवा केळी घेऊन बाजारात गेलेल्या खानदेशी माणसाला वेगळं सांगायला नको की भाव आणि दलाल हा गोष्टीचा सजावटीचा भाग नसतो. त्यातून अर्थ काय निघतो? या सहा जणांच्या हातांनी पूर्वी जीव घेतला होता. आता त्याच हातांचं काहीतरी लोक पैसे देऊन घरी नेतात आणि खातात. कुणीतरी यांच्या हातचं खायला तयार झालं, यापेक्षा समाजाने परत घेतल्याची खूण दुसरी कुठली दाखवणार? ‘बारा हात’ या नावाचा भार या बाजाराच्या दृश्यांवर आहे. समीक्षक डोळ्यांविषयी खूप लिहितात, हातांविषयी कमी. मला हात जास्त महत्त्वाचे वाटतात.

६. ते डोळे कोणाचे?

तरी डोळ्यांकडे यावंच लागेल, कारण चित्रपटातला सर्वांत कठीण प्रश्न तिथेच आहे.

एका रात्री हे सहा जण पळतात. कुलूप नाही, पहारा नाही, अडवणारं कुणी नाही. पण जेलरचे डोळे त्यांचा पिच्छा सोडत नाहीत. जातील तिथे ती नजर. अखेर ते परत फिरतात. पळून जाण्याच्या चित्रपटांच्या गर्दीत हा उलटा प्रसंग आहे. इथे पळणं जमत असूनही माणसं परत येतात.

जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने १७९१ साली एका आदर्श तुरुंगाचा आराखडा छापला. मधोमध मनोरा, भोवती गोलाकार कोठड्या. मनोऱ्यातला पहारेकरी सगळ्यांना पाहू शकतो, त्याला मात्र कुणी पाहू शकत नाही. तो आत आहे की जेवायला गेला आहे, हेही कळत नाही. म्हणून प्रत्येक कैदी आपण सतत पाहिले जात आहोत असं समजून वागतो. पहारा बाहेरून मनात शिरतो. पुढे फ्रेंच विचारवंत मिशेल फूको याने १९७५ साली दाखवून दिलं की शाळा, कारखाना, दवाखाना यांतही ही युक्ती शिरली आहे.

मग आदिनाथचे डोळे याहून वेगळे आहेत का? भिंत काढली आणि तीच कैद्याच्या डोक्यात बांधली, एवढंच तर झालं नाही ना? बर्लिनची धास्ती ती हीच. तुला चांगला माणूस करतो, असं म्हणत दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेणं.

हा आक्षेप मला खरा वाटतो, तो झटकून टाकणाऱ्या भाविक वाचनाशी मी सहमत नाही. शांतारामांनी ती नजर पडद्यावर इतकी मोठी केली आहे की काही वेळा ती देवाची नाही, दंडाधिकाऱ्याची वाटते. तरीही एक फरक आहे आणि तो माझ्यासाठी निर्णायक आहे. बेंथमच्या मनोऱ्यातला माणूस काहीच पणाला लावत नाही. तो अंधारात सुरक्षित असतो. आदिनाथ त्यांच्यातच राहतो, त्यांच्यासोबत राबतो. त्याला ते हवं तेव्हा पाहू शकतात, मारूही शकतात. त्याचा विश्वास फसला तर सर्वांत आधी तोच बुडणार. शेवटी तो मरतो तेही त्यांच्या पिकासाठी. या नजरेने आधी स्वतःचा जीव समोर ठेवला आहे. जी नजर उलट पाहू देते ती पहारा राहत नाही, तिचा शब्द होतो. दिलेला शब्द मोडवत नाही म्हणून परत फिरणारा माणूस धाकाने परत फिरणाऱ्यापेक्षा वेगळा असतो.

हे सगळ्यांना पटेल असं नाही. चित्रपटाने दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या आहेत.

७. धुळ्याचा तुरुंग

खानदेशातल्या वाचकाच्या मनात एव्हाना धुळ्याचा तुरुंग आला असेल. १९३२ साली विनोबा भावे तिथे कैदेत होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी ते सोबतच्या कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरलेले गुरुजी त्याच तुरुंगात होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असं दगडी भिंतींच्या आत तयार झालं. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली.

यावरून पुष्कळ जण एक सोपा निष्कर्ष काढतात की मन मुक्त असलं की झालं, तुरुंग कुठे आड येतो! मला हा निष्कर्ष अपुरा आणि थोडा धोकादायक वाटतो. तो ऐकून सर्वांत जास्त आनंद तुरुंगाधिकाऱ्याला होईल. विनोबा आणि साने गुरुजी आत मोकळे होते हे खरं, पण भिंत ठीक आहे असं ते कधी म्हणाले नाहीत. ज्या राज्याने त्यांना कोंडलं ते जावं म्हणूनच ते आत गेले होते. शॉशँकमध्ये अँडी एकदा अधिकाऱ्याच्या खोलीत शिरून, दार लावून, मोझार्टच्या संगीतिकेची ध्वनिमुद्रिका सगळ्या तुरुंगाला ऐकवतो. अंगणातले कैदी जागच्या जागी थबकतात. त्याबद्दल त्याला एकांतकोठडी मिळते. बाहेर आल्यावर तो म्हणतो की संगीत मनात असतं, ते कुणी हिरावून घेऊ शकत नाही. पण तो रात्री भिंत खणायचं थांबवत नाही.

आतला मोकळेपणा आणि बाहेरचा मोकळेपणा यांची अदलाबदल करता येत नाही. एक मिळाला म्हणून दुसरा सोडा, असं कुणी सांगू लागलं तर सांगणारा भिंतीच्या कोणत्या बाजूला उभा आहे ते आधी पाहावं.

८. पाहताना

पुढचा तुरुंगपट पाहाल तेव्हा भिंत ओलांडण्याच्या दृश्याला टाळ्या वाजवाच, ते त्यासाठीच घेतलेलं असतं. नंतरची दहा मिनिटं मात्र सोडू नका. बाहेर त्याचं कोण आहे, हाताला काय काम आहे, त्याच्या हातचं कुणी खातं का, हे दिग्दर्शकाने दाखवलं आहे की तिथेच पडदा पाडला आहे, ते पाहा. पडदा पाडला असेल तर तो चित्रपट पळण्याविषयी आहे, स्वातंत्र्याविषयी नाही, असं खुशाल समजा. त्यातही मजा असते, फक्त दोन्ही एक मानू नका.

आणि ‘दो आँखें बारह हाथ’ घरातल्या मुलांसोबत बसून पाहा. ती रात्रीची पळापळ आली की थांबवून मुलांना विचारा, ते परत का आले? मुलांचं उत्तर मोठ्यांपेक्षा वेगळं निघतं, ते मध्येच दुरुस्त न करता ऐकून घ्या. माडगूळकरांनी ही गोष्ट कुठून उचलली हेही त्यांना सांगा. स्वतंत्रपूरची खुली वसाहत आजही आटपाडी तालुक्यात आहे, राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे, आणि तिथे कैदी आपल्या कुटुंबासह राहतात.